पोटावरची घडी

शिक्षकखोलीत शिर्केबाईंची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम दुसऱ्याच कुणाची तरी पर्स असायची. बाई बसत नसत. मधल्या सुट्टीत डबासुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच खायच्या. शाळेत नव्याने लागलेल्या एका शिक्षिकेनं त्यांना "बसा ना बाई," म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसायला म्हातारपण पडलंय की. एवढी काय घाई?"

ती नवी शिक्षिका म्हणजे मी. विज्ञान शिकवायला लागले होते. बाई पी.टी.च्या. पेठेतली आमची मुलींची शाळा, आणि मैदान म्हणजे तीन बाजूंनी इमारतींच्या मोऱ्यांचे पाइप दिसणारा एक चौक. त्या चौकात निर्मला शिर्के नावाची ही उंच, सावळी बाई पदर कमरेला खोचून, साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालून उभी असायची. तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात ऐकू जायचा. तिथले डॉक्टर म्हणे "सावधान" ऐकलं की घड्याळ लावायचे.

आठवी-नववीच्या मुली त्या वयात पोक काढून चालायला लागतात. बाईंना ते खपत नसे. मुलीच्या मागे जाऊन दोन्ही खांदे धरून मागे ओढायच्या आणि म्हणायच्या, "लाजायचं असेल तर घरी जाऊन लाज. इथं सरळ उभी राहा." ऐकायला हे कठोर वाटायचं. पण डाग पडलेली मुलगी पहिल्यांदा धावायची ती त्यांच्याचकडे. त्यांच्या कपाटात धुतलेले, इस्त्री केलेले निळे स्कर्ट असत. कुणी परत आणून दिला की नाही हे त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

शाळेत कॉम्प्युटर आले तेव्हा पी.टी.ची खोली गेली. संस्थेनं तिथे एसी बसवला, गालिचा घातला आणि बाहेर चपला काढायची पाटी लावली. डंबेल्स, लेझिमी, उड्या मारायचे दोर सगळं जिन्याखाली आलं. बाईंनी ते स्वतः उचलून नेलं. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "बरं झालं. आता पोरी बसून हुशार होतील."

त्याच वर्षी कधीतरी त्यांना रक्त जायला लागलं. मूळव्याध म्हणून त्या गप्प बसल्या. त्रिफळा घेतला, तिखट सोडलं. मैदानावर मध्येच थांबून भिंतीला हात लावायच्या, आणि कुणी पाहिलं तर भिंत तपासत असल्यासारखं करायच्या. डॉक्टरांकडे गेल्या तोवर बराच काळ गेला होता. गुदाशयाचा कॅन्सर होता.

बाईंचे यजमान शिर्के चिंचवडच्या एका कारखान्यात होते. नुकतीच त्यांच्या गळ्यात स्वेच्छानिवृत्ती घातली होती, त्यामुळे ते घरीच असत. अतिशय मवाळ माणूस. सर्जननं जे सांगायचं ते त्यांना बाहेर बोलावून सांगितलं, आणि त्यांनी बाईंना त्यातलं अर्धंच सांगितलं. "पोटावर एक पिशवी लावणारेत. थोडे दिवस."

शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाईंनीच राउंडवर आलेल्या सर्जनला विचारलं, "ही कधी काढणार?"

"काढणार?" सर्जननं शिर्क्यांकडे पाहिलं. "अहो, खालचा मार्ग बंद केलाय. आता हाच मार्ग. कायमचा."

बाई म्हणाल्या, "बरं." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. हे शिर्क्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यानंतर दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या.

आतड्याचं ते तोंड पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या जरा खाली काढलं होतं. परकराची नाडी करकचून बांधतात बरोबर त्याच जागी. ऑपरेशनच्या आधी कुणी त्यांना उभं करून, साडी कुठे नेसता, असं विचारलं नव्हतं. घरी सोडताना दोन पिशव्या, चिकटपट्टीचं एक रीळ आणि "स्वच्छता ठेवा" एवढंच त्यांच्या हाती आलं.

पिशवी म्हणजे एक चिकट चकती, तिला मधोमध भोक, आणि पुढे प्लास्टिकची थैली. चकती कातडीला घट्ट बसली तर सगळं नीट. पण बाईंची बसतच नसे. सकाळी लावलेली दुपारी एका कडेनं सुटायची. आधी खाज, मग आग, मग ओल, मग वास. आत काय चाललंय ते आतड्याच्या हाती. त्याला ना वेळ कळते ना ठिकाण. कडेनं झिरपलेलं कातडीवर राहून राहून तिथलं मांस उघडं पडलं. उघड्या कातडीवर चकती अजूनच चिकटेना. मग पावडर, कापूस, वरून चिकटपट्ट्यांचे थर, वरून जुन्या सुती साडीचा घट्ट पट्टा, आणि त्याच्यावर नाडी.

शिर्क्यांना ते बघवत नसे. पहिल्या दिवशी बघायला गेले आणि त्यांना घेरी आली. पण रोज पहाटे ते पाणी तापवून बादली न्हाणीघराच्या दाराशी ठेवत, शेजारी स्वच्छ फडक्यांची चळत ठेवत, दार एकदा वाजवत आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात जात. बाई म्हणायच्या, "आमच्या ह्यांचं प्रेम दारापर्यंत येतं." यावर हसावं की नाही, ते समोरच्याला कळत नसे.

रजा संपली आणि त्या शाळेत आल्या. अर्ध्या झाल्या होत्या. शाळेत काही होऊ नये म्हणून आदल्या संध्याकाळपासून जेवतच नसत, हे मला नंतर कळलं. खिडकीच्या कट्ट्यावर आता डबा दिसत नसे. मैदानावर मात्र उभ्या राहिल्या. मुलींना त्यांनी एवढंच सांगितलं, "माझ्या पोटाचं ऑपरेशन झालंय. तुम्ही पळायचं, मी बघणार."

मग सव्वीस जानेवारी आली.

दरवर्षीप्रमाणे संचलन बाईंचं. पांढरी साडी, निळा काठ. पाहुणे म्हणून एका सॉफ्टवेअर कंपनीतले तरुण साहेब आले होते. तेव्हा असे पाहुणे मिळणं मानाचं समजलं जायचं. झेंडा वर गेला, फुलं पडली, आणि राष्ट्रगीत सुरू झालं. बाई ध्वजस्तंभाच्या बाजूला, सगळ्या शाळेकडे तोंड करून सावधान उभ्या. मी शिक्षकांच्या ओळीत, त्यांच्या डाव्या हाताला, जराशी मागे होते.

गीताची दुसरी ओळ संपायच्या आतच मला त्यांच्या चेहऱ्याची कड दिसली. जबडा आवळला होता. मग पांढऱ्या साडीवर, निऱ्यांच्या डाव्या बाजूला, पिवळट ओल उमटली आणि खाली सरकत गेली. पुढे बसलेल्या पाचवीच्या मुलीही तेव्हा उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर. एका मुलीनं हात नाकाकडे नेला आणि शेजारणीनं तो खाली ओढला. बाईंचे हात मांड्यांना चिकटलेले होते. नुसता डावा हात पुढे घेतला असता तरी झाकलं गेलं असतं. त्यांनी घेतला नाही. जयजयकार संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग, रोजच्यापेक्षा किंचित बारीक आवाजात, "विश्राम" म्हणाल्या.

मी पुढे झाले. त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "कुंदा, माझ्या पुढून चाल. तुझी शाल दे. पळू नकोस."

जिन्याखाली, लेझिमींच्या ढिगाआड, त्यांनी साडी सोडली. मी पाठ करून उभी राहिले आणि पाणी देत राहिले. बाहेर पाहुण्यांचं भाषण चालू होतं. येणारं युग हे तुमचं युग आहे, असं काहीतरी. बाई मागून म्हणाल्या, "ह्याला म्हणावं लवकर आटप. पोरी उन्हात आहेत."

त्या आठवड्यात पालकांच्या तक्रारी आल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, शिर्केबाईंना बोलावलं. बाईंनी मला बरोबर नेलं, "साक्षीला" म्हणून.

"तुमच्या तब्येतीसाठीच म्हणते हो," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही आता ग्रंथालय बघा. सावलीत. बसून."

"मला बसवू नका. मला पंजाबी ड्रेस घालू द्या."

"काय?"

"परकराची नाडी बरोबर जखमेवर बसते. ती दाबली की पिशवी सुटते. सलवार बेंबीच्या वर बांधता येईल, वरून कुडता सैल राहील. एवढंच मागतेय."

मोठ्या बाई खरोखर विचारात पडल्या. वाईट नव्हत्या त्या. पण दोन दिवसांनी संस्थेचं उत्तर घेऊन आल्या. शाळेत साडीचा नियम आहे, आणि एकीला सवलत दिली की सगळ्याच मागतील.

"मागू देत की," शिर्केबाई म्हणाल्या. "आधी पोटाला भोक पाडून घ्या म्हणावं. मग खुशाल मागा."

त्यानंतर त्या ग्रंथालयात गेल्या. तिथेही उभ्याच असत. मैदानावर मुलींना आता कुणीतरी दोन तास नुसतंच सोडून देई. इंग्रजी माध्यमाच्या शाळा कोथरूडपासून कात्रजपर्यंत उगवल्या होत्या, आमच्या तुकड्या दरवर्षी एकेक करून बंद पडत होत्या, आणि तुकडी बंद पडली की शिक्षक अतिरिक्त ठरत. पहिल्या यादीत शिर्केबाईंचं नाव होतं. नियमानं होतं की सोयीनं, कोण सांगणार? त्यांचं समायोजन झालं ते थेट वाघोलीच्या एका शाळेत. त्या राहायला कोथरूडला. शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचं, दोन बसेस बदलून, पोटावर ती पिशवी घेऊन.

निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. म्हणाल्या, "नारळ विकून पुढच्या बाईला खुर्ची घ्या."

मला वाटलं होतं, वाघोलीत त्या टिकणार नाहीत. पण तिथले हेडमास्तर हा वेगळाच माणूस निघाला. पहिल्याच दिवशी बाईंनी त्यांना सगळं स्पष्ट सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, मैदान हाय, पोरी हायत. पंजाबी घाला न्हाई तर काय बी घाला. आमच्याकडं संडासात पानी मात्र न्हाई, तेवढं बघा." बाई खांद्यावरच्या झोळीतून पाण्याच्या बाटल्या न्यायला लागल्या. आणि पुन्हा मैदानावर उभ्या राहिल्या. मोठं, मोकळं, खडकाळ मैदान. तिकडच्या मुली अनवाणी खो-खो खेळायच्या आणि बाईंना घाबरायच्या नाहीत. त्याचं बाईंना फार अप्रूप होतं.

प्रवास मात्र जाळत होता. रविवारी मी त्यांच्याकडे जायची. एकदा त्यांनी सांगितलं की नगर रोडला खड्ड्यांत बस आपटली आणि कड सुटली. वास पसरला. पुढच्या सीटवरची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "कुणाचं तरी मूल आहे वाटतं."

"मग?"

"म्हटलं, मूल नाही, मी आहे. खिडकी उघडा."

सांगताना त्या हसल्या. मग हसू अर्धवट टाकून म्हणाल्या, "उतरले मी पुढच्याच स्टॉपला. माझा नव्हता तो."

सकाळची पोटाची आग, ती उघडी कातडी, हे सगळं चालूच होतं. ऑपरेशन करणाऱ्यांकडे पुन्हा गेल्या तर मलम बदलून मिळालं. तेव्हा कोथरूडच्या कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे निघाले होते. माझी पुतणी इंजिनिअरिंगला होती, ती म्हणाली, "आत्या, नेटवर सगळं असतं." तसं बाईंना घेऊन आम्ही एका दुपारी गेलो. प्लायवुडची खुराडी, एकेका खुराड्यात एकेक मशीन, शेजारी कॉलेजची पोरं बंदुकांचा खेळ खेळत होती. पुतणीनं हवं ते शोधून दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. पान इंग्रजीत होतं. परदेशातल्या कुठल्याशा रुग्णांनी रुग्णांसाठी लिहिलेलं. मी वाचत होते आणि हळू आवाजात मराठीत सांगत होते.

भोक आतड्याच्या तोंडाइतकंच कापा, मोठं नको. कातडी पूर्ण कोरडी करा. तेल, साबण, पावडर नको. चकती आधी हातात धरून ऊब द्या, मग दाबून धरा. पिशवी भरायची वाट बघू नका, तिसरा हिस्सा झाली की रिकामी करा.

"पावडर नको?" बाई म्हणाल्या. "मी डबे संपवले."

मग एक चित्र आलं. एका परदेशी बाईचं पोट, आधी आडवी झोपलेली, मग उभी, मग बसलेली. खाली लिहिलं होतं की गळती होत असेल तर आरशासमोर बसा आणि पोटाला घडी कुठे पडते ते पाहा.

मी तेही मराठीत सांगितलं. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. शेजारच्या खुराड्यात कुणीतरी मेलं आणि पोरं ओरडली.

"मी झोपून लावते," बाई म्हणाल्या. "दवाखान्यात झोपवून लावली होती, म्हणून."

घरी गेलो. शिर्के भाजी आणायला बाहेर पडले होते. बाईंनी दार लावलं, पिशवी काढली आणि म्हणाल्या, "तू विज्ञानाची आहेस. नीट बघ."

मी पाहिलं. लालभडक, ओलसर, जिवंत असं ते तोंड, गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्याच्याभोवती भाजल्यासारखी सोललेली कातडी. त्या उभ्या होत्या तेव्हा पोट सपाट होतं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पहिल्यांदाच पाहत होते. त्या बसल्या आणि त्या तोंडाच्या बाजूनं पोटाला एक खोल घडी पडली. बोट आत जाईल एवढी. चकतीची डावी कड रोज त्या घडीवर बसत होती. बसमध्ये बसलं की घडी मिटायची, उठलं की उघडायची, आणि प्रत्येक वेळी कड थोडी थोडी उचलली जायची.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी आरसा मागितला. स्वतः बघितलं. पुन्हा उभ्या राहिल्या, पुन्हा बसल्या. एखाद्या मुलीची चुकीची उडी तपासावी तसं दोन-तीनदा केलं. मग आरसा पालथा ठेवला आणि रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आवाज मोठाच होता, रडण्यातही. "दोन वर्षं," त्या म्हणत होत्या. "अगं, नुसतं 'बसा' म्हणायला काय झालं होतं कुणाला? दोन वर्षं मी नासलेय. नुसतं बसा म्हणायचं होतं."

घडी भरायची खास पेस्ट मिळते, ती पुतणीनं मुंबईहून मागवून घेतली. बाई बसून चकती लावायला शिकल्या. घडी पेस्टनं सपाट करायची, भोक बेताचं कापायचं, तळहातानं ऊब देत दाबून धरायचं. गळती पार थांबली असं नाही. पण आठवड्यातून एखाद्या वेळेवर आली. कातडी भरली. बाईंनी सकाळी दोन पोळ्या खायला सुरुवात केली, आणि वाघोलीच्या मैदानावरून त्यांचा आवाज नगर रोडपर्यंत जायला लागला, असं त्यांचे हेडमास्तर सांगत.

हे दीडेक वर्ष चाललं. मग दुखणं यकृतात निघालं.

या वेळी डॉक्टरांनी त्यांनाच सगळं सांगितलं; बाईंनी तशी ताकीदच दिली होती. पोटात पाणी व्हायला लागलं. पोट फुगलं तशी घडी गेली, पण कातडी ताणून चकचकीत झाली आणि चकतीला धरायला काही उरलं नाही. नव्यानं शिकलेलं सगळं फुकट. गळती पुन्हा रोजची. बाईंचे हात थरथरायला लागले, कात्री धरवेना, तेव्हा एक दिवस शिर्के बादली घेऊन आतच आले. मला सांगताना बाई म्हणाल्या, "थरथर कापत होते. मी म्हटलं, घेरी आली तर बादलीत पडू नका." मग म्हणाल्या, "छान करतात. माझ्यापेक्षा हलका हात आहे."

आमची शेवटची भेट दिवाळीच्या जरा आधीची. ती दिवाळी त्यांनी पाहिली नाही. मी शाळा सुटल्यावर गेले होते. शाळेतली अजून एक तुकडी बंद झाल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मोठ्या बाईंना सांग, आता कॉम्प्युटरलाच सावधान-विश्राम शिकवा." बोलताना दम लागत होता. दुखत होतं, ते कपाळावर दिसत होतं. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "गॅलरीत येते. चल." शिर्के नको नको म्हणत होते. त्या भिंत धरत आल्या.

मी खाली उतरले, स्कूटरला किल्ली लावली. एवढ्यात वरून आवाज आला. तुटलेला, पण त्यांचाच.

"ए! हेल्मेट डोक्यात घालतात! कोपरात नाही!"

रस्त्यानं एक माणूस मोटारसायकलवरून चालला होता, हेल्मेट कोपरात अडकवून. तो दचकून थांबला. दोन्हीकडच्या इमारतींकडे बघत राहिला. मग, कुणी दिसत नव्हतं तरी, त्यानं हेल्मेट काढून डोक्यात घातलं आणि निघून गेला.

मी वर पाहिलं. बाई गजांवर वाकल्या होत्या. एका हातानं गज धरला होता, दुसरा तळवा गाऊनवरून पोटावर दाबून धरला होता. ओरडण्याच्या जोरानं कड सुटली होती, हे मला खालूनही कळलं; बोटांच्या मधून गाऊन गडद होत चालला होता. मी स्कूटर स्टँडला लावायला लागले तसं त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, गजावरचा हात सोडला आणि मैदानावर मुलींना पिटाळायच्या तसं मनगट झटकलं.

जा.

मी गेले.